हवेच्या मशीनची आंघोळ

(बाग सेवनियातल्या सह्याद्री स्नेह मंडळाचा नवा हॉल. स्टेजमागच्या खोलीत छताला टांगलेलं हवेचं मशीन, त्याखाली लाकडी शिडी. सोमवारची दुपार, पावणेतीन वाजलेत. नारायण वैरागडे, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, आणि त्यांची मुलगी जुई, मशीन बसवणाऱ्या कंपनीची इंजिनीअर.)

जुई: थांबा बाबा. परत सांगा. बादलीत काय केलं?

नारायण: बादलीत नाही गं, टबात. बादलीत ते मावतच नव्हतं. तुझ्या आईचा कपड्यांचा निळा टब आहे नं, तो घेऊन आलो स्कूटरवर.

जुई: आणि त्यात मशीनचा कोअर घातला.

नारायण: कोअर म्हण नाहीतर काही म्हण, तो मधला चौकोनी ठोकळा. पण तू पहिल्यापासून ऐक. रविवारी सकाळी बायकांचा कार्यक्रम आटोपला, हॉल रिकामा झाला. मी किल्लीनं ही खोली उघडली, मशीन बंद केलं, मेन स्विच खाली ओढला आणि त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी लटकवली. चौतीस वर्षं कारखान्यात हेच केलं, हाताला सवय आहे. मग झाकण उघडलं, दोन्ही फिल्टर काढले, झटकले, धुतले. ते तर तूच सांगितलं होतंस. तेव्हा म्हटलं, आत आलोच आहोत तर हा मधला ठोकळा काहून सोडायचा? उद्या मंडळातर्फे मनोरमाताई येणार सहीला. ती बाई सरकारी दवाखान्यात मेट्रन होती, खिडकीच्या गजावरूनसुद्धा बोट फिरवून बघते. तिनं मशीन उघडायला लावलं आणि आत चिमूटभर धूळ निघाली तर नाव कोणाचं खराब होईल? तुझं. म्हणून काढला बाहेर.

जुई: साबण लावला?

नारायण: छे. मला काय अक्कल नाही? रिठे उकळून घेतले. तुझ्या आजीच्या पैठण्या रिठ्यातच धुवायचे आपल्याकडे. कोमट पाणी, हलका हात. दुसरं पाणी तर असं दुधासारखं पांढरं निघालं की मी तुझ्या आईला फोन करून सांगितलं, बघ म्हटलं, आठवड्यात किती घाण बसते.

जुई: ती घाण नव्हती बाबा. तो त्याच्यावरचा लेप होता.

नारायण: लेप?

जुई: लेबल होतं नं कोअरवर? पाण्याच्या नळाचं चित्र, त्यावर लाल फुली?

नारायण: होतं. लेबल वाचल्याशिवाय मी कुठल्याच मशीनला हात लावत नाही. नळावर फुली, मतलब नळाखाली धरायचं नाही, धार जोरात लागते. म्हणूनच तर टब आणला. नाहीतर इथे बाथरूममध्ये नळ होता, मला घरून टब वाहून आणायची काय हौस आली होती?

जुई: बाबा, तो कागदाचा असतो.

नारायण: कोण?

जुई: कोअर. खास कागद असतो, एकावर एक पातळ थर.

नारायण: चल, काहीतरीच. एवढं मोठं धूड, दोन पंखे, दोन मोटारी, आणि बरोबर मधोमध कागद? असं कोण करतं? आम्ही टर्बाइनचे पार्ट बनवले, त्यात कुठे कागद नव्हता. ड्रॉइंग कागदावर होतं, तेवढंच.

जुई: मी सांगतेय नं.

नारायण: तरीच म्हटलं उचलताना इतका जड कसा झाला.

जुई: वाळवला कुठे?

नारायण: इथेच गच्चीवर, खाटेखाली. उन्हात नाही ठेवला, बेचाळीस डिग्रीत करपला असता. दर दोन तासांनी कूस बदलून देत होतो. रात्री आत घेतला, टेबल फॅन लावला. सकाळी बघतो तर बऱ्यापैकी कोरडा. फक्त पोटातून जरा फुगलेला.

जुई: आणि मग तो परत बसला कसा?

नारायण: बसत नव्हता. मग थोडा बसवला.

जुई: थोडा म्हणजे?

नारायण: दोन्ही बाजूंनी कडा तासल्या. बारीक कानस घेतली, पाव इंचसुद्धा नसेल. मग खाली फळी धरून लाकडी हातोड्यानं हळूहळू आत ढकलला. अकरा वाजता स्विच वर केला तर मशीन सुरू. वारा झक्कास येतोय. हॉलच्या जाळीला कागदाची पट्टी लावून बघ, फडफडते आहे. तू अशी शिडीवर काय बसलीस? ऊठ, धूळ आहे तिथे.

जुई: बसू दे मला. सच में.

नारायण: पाणी आणू?

जुई: नको. पाण्याचं नाव नका काढू. बाबा, तुम्हाला माहीत आहे नं आज काय आहे? सकाळी रवींद्र सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, पाच वाजेपर्यंत सही केलेला हँडओव्हरचा कागद गोविंदपुऱ्यात माझ्या टेबलावर पाहिजे, तर नव्या हॉस्पिटलची साइट तुमची. नाही आला तर सत्यजित जाईल आणि तुम्ही परत कोटेशनच्या टेबलावर. दोन वर्षं मी त्या टेबलावर नुसती दरपत्रकं टाइप केलीत. कंपनीत एकाही मुलीला एकटीला साइट दिली नव्हती, हा हॉल पहिला. डक्टचं ड्रॉइंग मी काढलं, मशीन टांगताना मी शिडीवर उभी होते, पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा स्विचवर माझा हात होता. आणि आता चार वाजता ताई येणार, मशीन उघडा म्हणणार.

नारायण: मग उघडायचंच नाही. चालू आहे नं? हवा येते आहे नं? मंडळाला वारा लागला की झालं. त्यांना कुठे कळतं आत कागद आहे की पत्रा.

जुई: कळेल. नाकाला कळेल. बघा, हॉलमधली शिळी हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते. दोघी त्या कागदाच्या दोन बाजूंनी जातात. आतल्या हवेतला गारवा बाहेरच्या गरम हवेला मिळतो, ओलसुद्धा इकडची तिकडे जाते, म्हणून एसीवर ताण येत नाही. पण हवा हवेला शिवत नाही. म्हणजे शिवत नव्हती. आता तुम्ही कडा तासल्यात, आत भेगा पडल्यात, तर सगळं एकमेकांत मिसळतंय. आणि बाथरूमची हवासुद्धा याच मशीनमधून बाहेर जाते.

नारायण: मतलब ती आता...

जुई: हॉलमध्ये येतेय.

नारायण: सकाळपासून थोडा वास होता खरा. मला वाटलं गटाराचा असेल. अगरबत्ती लावली मी. चार लावल्या.

जुई: चार.

नारायण: चंदनाच्या. तुझी आई पूजेला लावते त्याच. आता नवा ठोकळा मिळतो का गोविंदपुऱ्यात? स्कूटर काढतो, अर्ध्या तासात आणतो.

जुई: तो बाहेरून मागवावा लागतो. पंधरा दिवस.

नारायण: मग असं कर. सांगून टाक की ट्रकमधून येतानाच खराब आला होता. कोण विचारतंय.

जुई: ताई विचारतील. मंगळवारी त्यांच्यासमोर रीडिंग घेतलं, सगळं बरोबर होतं. आता ट्रकमध्ये खराब झाला म्हटलं तर मग मी मंगळवारी काय मोजलं? म्हणजे एकतर मला मोजता येत नाही, नाहीतर मी बसवताना चूक केली. तरी तेच म्हणेन मी. दुसरं काय म्हणणार?

नारायण: तू काहून स्वतःवर घेतेस? तशी चूक तुझीपण आहे थोडी. मला आधी सांगायला हवं होतंस, धुवायचा नाही म्हणून. आमच्याकडे मशीन सोपवताना माणसाला समोर बसवून सांगायचे.

जुई: सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं. हे बघा. सूचना क्रमांक तीन, कोअर पाण्याने धुऊ नये, महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरने वरची धूळ काढावी. खाली, वाचले व समजले. नारायण वैरागडे, देखभाल प्रमुख, मानद. तुमची सही आहे.

नारायण: सही माझीच आहे.

जुई: हो.

नारायण: तू जेवताना समोर धरला होतास हा कागद.

जुई: तुम्ही आईला सांगत होतात वरणात मीठ कमी आहे. मी क्रमांक तीन दोनदा वाचून दाखवला.

नारायण: आता मुलीनं कागद समोर धरला तर बाप काय वाचून सही करतो? पहिलीपासून तुझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या, एकदाही आत बघितलं नाही. माझा विश्वास होता तुझ्यावर.

जुई: आठवीत गणितात तीस मार्क होते. मी दोन दिवस घाबरून होते, तुम्हाला कसं दाखवू. तुम्ही सही केली आणि म्हणालात, शाब्बास. तो विश्वास नव्हता बाबा. तुम्ही वाचलंच नव्हतं. आताही तेच केलंत. कुठल्या देशातल्या माणसानं छापलेलं लेबल तुम्ही चष्मा लावून बघितलं. मी मराठीत टाइप केलेला कागद नाही बघितला. मला खूप वाईट वाटलंय, सांगून ठेवते.

नारायण: मी तुझ्यासाठीच केलं गं हे सगळं.

जुई: माहीत आहे मला. म्हणूनच ओरडता पण येत नाहीये. द्या तो कागद इकडे. फाइलमध्ये नको हा. पर्समध्ये ठेवते.

नारायण: लपवतेस?

जुई: मग काय करू? तुम्ही रिटायर झालात तेव्हा चार महिने सोफ्यावरून उठत नव्हता. या खोलीची किल्ली मिळाल्यापासून सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून निघता. आई म्हणते घरात परत माणूस आल्यासारखं वाटतं. हा कागद ताईंच्या हातात गेला तर किल्ली राहील का तुमच्याकडे?

मनोरमा (दारातून आत येत): अगरबत्ती कोणी लावली आहे? कोणी गेलं का?

जुई: ताई. तुम्ही चारला येणार होतात.

मनोरमा: मी नेहमी तासभर आधी येते. वेळेवर आलं की सगळं झाकून ठेवलेलं दिसतं. नारायणराव, तुमचा चेहरा असा का? बीपी तपासलं का या आठवड्यात? आणि जुई, चंदनाच्या खाली हा दुसरा वास कसला येतोय? फिनेल मारलेल्या बाथरूमचा आहे हा. चाळीस वर्षं ओळखते मी त्याला.

जुई: ताई, मशीनच्या कोअरमध्ये एक डिफेक्ट निघालाय. मतलब, बहुतेक येतानाच होता. मी बसवताना नीट चेक करायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

मनोरमा: येतानाच होता?

जुई: हो.

मनोरमा: मंगळवारी तू इथल्या प्रत्येक जाळीसमोर मीटर धरलंस, मी घड्याळ लावून शेजारी उभी होते. आकडे मी माझ्या वहीत उतरवले आहेत. आणि त्यानंतर शनिवारपर्यंत या हॉलमध्ये तीन भाषणं झाली. एकाही भाषणात पहिल्या रांगेतले आपले गोपीनाथराव झोपले नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा. वक्ता घाबरला होता, समोरून कोणी असं बघत राहण्याची त्याला सवय नव्हती. खराब मशीननं हे होत नाही.

जुई: ताई, तरी पण...

नारायण: जुई, गप्प बस. ताई, मी धुतला.

मनोरमा: काय धुतलं?

नारायण: आतला कोअर. कागदाचा असतो तो, पाणी लावायचं नसतं. मी काल टबात बुडवून धुतला, फुगला म्हणून कानशीनं तासला आणि ठोकून परत बसवला. मशीनमध्ये दोष नव्हता. बसवण्यात नव्हता. पोरगी खोटं बोलते आहे, आणि माझ्यासाठी बोलते आहे. तिनं मला लिहून दिलं होतं धुवू नका म्हणून. कागद तिच्या पर्समध्ये आहे. काढ जुई.

जुई: बाबा, राहू दे नं.

नारायण: काढ म्हटलं नं. चौतीस वर्षांत मला एक मेमो आला नाही. कारण मेमो यायच्या आधी मी जाऊन साहेबाला सांगायचो की साहेब, ही चूक माझ्या हातून झाली. ती पद्धत मी आज सोडणार नाही. आणि सोडायचीच असती तरी तुझ्या जिवावर सोडली नसती.

मनोरमा: दाखव. हं. कोअर पाण्याने धुऊ नये. वाचले व समजले. नारायणराव, ही सही तुमची?

नारायण: माझी.

मनोरमा: वाचलं होतं?

नारायण: नाही.

मनोरमा: तिनं तोंडी सांगितलं होतं?

नारायण: दोनदा. मी वरणाबद्दल बोलत होतो.

मनोरमा: म्हणजे रुग्ण आमच्या ताब्यात दिला तेव्हा ठणठणीत होता. काय द्यायचं, काय द्यायचं नाही हे लिहून दिलं होतं. आणि आमच्या माणसानं त्याला आंघोळ घातली. यात डॉक्टरचा दोष कुठे येतो? आण तो हँडओव्हरचा कागद. शेरा काय लिहायचा तो मी लिहिते. मशीन मंगळवारी चालवून, मोजून दाखवले. सूचना लेखी मिळाल्या. नंतरचा बिघाड मंडळाच्या हातून. हे घे, सही. तारीख आजची. आता रडतेस कशाला?

जुई: काही नाही. अगरबत्तीचा धूर आहे.

मनोरमा: नवा कोअर येईपर्यंत मशीन बंद आणि खिडक्या उघड्या. शेजारच्या मॅरेज गार्डनचा डीजे पंधरा दिवस ऐकू, मरणार तर नाही ना. नारायणराव, किल्ली.

नारायण: किल्ली मतलब...

मनोरमा: या खोलीची. माझ्या वॉर्डात ज्या नर्सनं स्वतः येऊन चूक सांगितली, तिला मी कधी घालवली नाही. पण औषधाच्या कपाटाची किल्ली त्या दिवशी तिच्याकडे ठेवलीही नाही. माणूस खरं बोलला म्हणून चूक नाहीशी होत नाही.

जुई: ताई, प्लीज. किल्ली राहू द्या त्यांच्याकडे. आता परत नाही करणार ते. नवा कोअर मी स्वतः येऊन बसवते, दर महिन्याला मी बघून जाईन. किल्ली मात्र...

नारायण: नको मागू. बरोबर आहे त्यांचं. घ्या ताई. मोठी ती या दाराची, छोटी स्विचच्या पेटीची. पेटीचं दार जरा वर उचलून फिरवावं लागतं, नाहीतर अडतं.

मनोरमा: आजपासून मशीन मी बघणार. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही आणि मला येत काहीच नाही. जुई, बस इथे. मला पहिल्यापासून सांग, मी वहीत लिहून घेते. घाई आहे का तुला?

जुई: पाचला गोविंदपुऱ्यात पोचायचंय. आहे वेळ अजून. ताई, पहिलं फिल्टर. दोन आहेत, एक बाहेरच्या हवेचा, एक आतल्या. ते पंधरा दिवसांनी काढायचे. धुवायचे असतील तर पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचे नाहीत. त्यावर बाण आहे, तो हवेच्या दिशेनं ठेवायचा.

मनोरमा: सावकाश. हवेच्या दिशेने. पुढे.

जुई: दुसरं, पाणी साठतं का ते बघायचं, खालच्या ट्रेमध्ये. बाबा, कुठे निघालात?

नारायण: टब घेऊन जातो. तुझी आई दुपारपासून विचारते आहे कपडे कशात भिजवू. तुमचं चालू द्या. मी बाहेर स्कूटरपाशी आहे.

मनोरमा: जाताना दार ओढून घ्या. हं, जुई, ट्रे.

जुई: ट्रे. हो. ट्रेला एक छोटी नळी आहे, ती तुंबली तर... बाबा, दारात का उभे राहिलात? काही विसरलं का?

नारायण: नाही. एक विचारायचं होतं. आता किल्ली नाही माझ्याकडे, मला गरज पण नाही त्याची. पण मघापासून डोक्यात बसलंय. त्या कागदातून गारवा जातो म्हणालीस. ओल जाते. मग वास तेवढा कसा अडतो गं? मला नाही कळलं ते.

मनोरमा: तिला पाचला पोचायचं आहे, नारायणराव.

जुई: पोचते मी, ताई. एक मिनिट तुमची वही द्या, चित्र काढून दाखवते. या बाबा. बसा इथे.